नवव्या होलनंतर

१

कारफ्रायटागच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या सकाळी जर्मनीतल्या वाल्डॉर्फमध्ये कुत्रंसुद्धा हळू भुंकतं. दुकानं बंद, बेकरी बंद, रस्ते ओस. अशा सामसूम सकाळी सव्वाआठ वाजता अपूर्वा दहा महिन्यांच्या अन्वीला खांद्यावर थोपटत एक मजला चढून वर आली, तेव्हा ईप्सिताचं दार आधीच उघडं होतं.

ईप्सिता ओट्याला टेकून उभी होती. फोन स्पीकरवर होता, पण आवाज इतका बारीक की दोघींना वाकून ऐकावं लागलं.

"बाबा आतल्या खोलीत आहेत," ती सासऱ्यांच्या खोलीकडे बघत कुजबुजली. "त्यांच्या कानावर एक शब्द जाता कामा नये."

फोनवर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाची एक पोलीस सार्जंट होती. बाईचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाचीच जास्त भीती वाटत होती.

"आमच्याकडे शोधासाठी एकच विमान आहे, मॅडम. इथे आता तीन वाजलेत. सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. तोवर काही सापडलं नाही, तर उद्या विमान मिळेल असं वचन मी देऊ शकत नाही."

ईप्सिताचा नवरा मल्हार बुधवारपासून बेपत्ता होता. सिडनीत आठवडाभर ऑफिसचं काम उरकून तो परस्पर गोल्फ खेळायला गेला होता, आणि तेही कुठे, तर वाळवंटातल्या एका हायवेवर. तेराशे-चौदाशे किलोमीटरचा रस्ता, पूर्वेच्या गावापासून पश्चिमेच्या गावापर्यंत, आणि त्या रस्त्यावर विखुरलेली अठरा होल्स. एका पेट्रोल पंपामागे एक होल, की गाडीत बसायचं, शंभर किलोमीटर जायचं, पुढच्या पंपामागे पुढचं होल. हिरवळ म्हणजे प्लॅस्टिकची चटई, बाकी सगळी लाल माती आणि झुडपं. मल्हार तीन वर्षं या खेळाची स्वप्नं बघत होता. भाड्याची व्हॅन, झोपायचंही तिच्यातच. रविवारी निघायचं, रोज तीन होल्स, शुक्रवारी संपवायचं.

"त्याचं वेळापत्रक तुम्हाला पाठवलंय ना मी," ईप्सिता म्हणाली.

"हो. म्हणूनच नवव्या होलच्या पश्चिमेला शोधतोय. नववं होल हा त्याचा शेवटचा ठिकाणा. पंपावरच्या मुलीला पांढरी व्हॅन आठवते, पण ईस्टरच्या गर्दीत ती कुठून आली, कुठे गेली, तिला माहीत नाही. व्हॅनच्या कंपनीला गुड फ्रायडेची सुट्टी. आमचे निरोप त्यांच्या मशीनवर पडून आहेत." बाई क्षणभर थांबली. "आणखी एक. आज मिळालेल्या माहितीवरून आम्हाला हेही धरून चालावं लागतंय, की तुमचे पती स्वतःहून निघून गेले असावेत."

ईप्सिताने ओट्याची कड घट्ट धरली. "कोणी सांगितलं तुम्हाला असं?"

"त्यांच्या मित्राने. उत्कर्ष नाव आहे त्यांचं."

२

उत्कर्ष सायकलवरून दहा मिनिटांत आला. मल्हारच्याच ऑफिसातला, मल्हारबरोबर दर शनिवारी गोल्फ खेळणारा. एरवी दारातूनच 'चहा टाका' म्हणून ओरडणारा हा माणूस आज बूट काढायलाच पाच मिनिटं लावत होता.

अपूर्वा त्याच्याकडे बघत राहिली. एल्टर्नझाइटवर, म्हणजे बाळासाठीच्या रजेवर जाण्यापूर्वी नऊ वर्षं ती सॉफ्टवेअर टेस्टर होती. सगळे 'बरोबर चाललंय' म्हणतात तेव्हा कुठे बिनसलंय हे हुडकायचं, हेच तिचं काम. बाळंतपणाने झोप गेली होती, पण ती सवय काही गेली नव्हती.

"काय सांगितलंस पोलिसांना?" तिने विचारलं.

"जे खरं आहे ते."

"खरं होतं तर ईप्सिताला आधी का नाही सांगितलंस?"

"त्याने शपथ घातली होती गं." उत्कर्ष खुर्चीच्या टोकावर बसला. "मल्हारला क्युंडिगुंग मिळालंय, नोकरीवरून काढल्याची नोटीस. मार्चमध्येच. सिडनीचं काम शेवटचं. महिनाअखेरीला त्याची नोकरी संपते."

ईप्सिता हसली. भलतंच, कोरडं हसू. "आणि मी त्याला जाताना म्हणाले, नोकरी पक्की आहे म्हणून असली थेरं सुचतात. घरात बाबांचं एवढं मोठं आजारपण, आणि तुला वाळवंटात चेंडू मारायचेत." तिने डोळ्यांवर हात घेतला. "आम्ही बोलतच नव्हतो, अपूर्वा. रोज संध्याकाळी दोन शब्द लिहायचा. 'दिवस एक. ठीक.' 'दिवस दोन. ठीक.' मी अंगठा पाठवायचे. कुठे आहेस, जेवलास का, काही विचारलं नाही."

"तुला कळवायची त्याला लाज वाटत होती," उत्कर्ष म्हणाला. "आणि निघायच्या आधी मला म्हणाला, 'उत्क्या, वाटतं की त्या रस्त्याने सरळ जात राहावं आणि थांबूच नये.' आता तूच सांग, पोलिसांनी विचारल्यावर मी काय करायचं होतं? लपवायचं?"

"मला विचारायचं होतंस!"

"हळू," अपूर्वा म्हणाली. आतल्या खोलीचं दार वाजलं होतं.

पण आली ती सहा वर्षांची उर्जा. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. "आई, ओपा श्लेफ्ट गार निष्ट," ती डोळे चोळत म्हणाली.

"आजोबा झोपत नाहीत? अगं, त्यांना इथली गादी मानवत नाही. जा, त्यांच्याजवळ बस. आणि पापाबद्दल काही बोलायचं नाही, ठरलंय ना आपलं?"

"या," असं जर्मनमध्ये 'हो' म्हणत उर्जा नाराजीने मान हलवून निघून गेली.

"अजून किती वेळ आहे?" उत्कर्षने विचारलं.

अपूर्वाने घड्याळ पाहिलं. "सूर्य मावळायला अडीच तास. त्याने शेवटचं काय पाठवलं होतं, ते दाखव मला."

३

बुधवारी सकाळचा फोटो. नवव्या होलचा आकडा असलेली पाटी, तिच्या बाजूला धुळीने माखलेली पांढरी व्हॅन, आणि खाली दोन शब्द: 'अर्धं झालं.'

"म्हणजे रागावलेला नव्हता," ईप्सिता पुटपुटली. "पहिल्यांदाच फोटो पाठवला होता. मी त्यालाही अंगठाच दिला."

फ्रिजवर मल्हारचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. एक्सेलमधलं, रंगवलेलं, अठरा ओळींचं. मंगळवार संध्याकाळ, नववं होल, मुक्काम. बुधवार सकाळ, दहाव्याकडे. फोटो त्याच्याशी तंतोतंत जुळत होता. अपूर्वा एका हाताने अन्वीला डोलवत ओळी वाचत गेली. सहाव्या होलपाशी मल्हारने लिहिलं होतं: 'राज्याची सीमा. चेकपोस्ट. फळं, भाजी, मध सगळं काढून घेतात. आधी खाऊन संपवणे!' आणि पहिल्या होलपाशी, कंसात: 'उलट दिशेने येणाऱ्यांची तपासणी इथे.'

अन्वीने फोनवर झडप घातली. तिची ओली बोटं पडद्यावर आपटली आणि फोटो मोठा झाला. व्हॅनच्या पुढच्या बंपरचा कोपरा समोर आला. अपूर्वा फोन पुसायला गेली आणि तिचा हात तिथेच थांबला.

बंपरला काहीतरी लोंबत होतं. दोऱ्यात ओवलेलं, काळपट, सुरकुतलेलं.

"ईप्सिता. हे काय आहे?"

ईप्सिताने डोळे बारीक केले. "लिंबू-मिरची? मल्हारच्या गाडीला? छे! तो असलं काही मानत नाही. मी तर त्याहून नाही."

"नीट बघ. लिंबू सुकून सुपारीएवढं झालंय. मिरच्या तपकिरी पडल्यात. हे त्या दिवशी सकाळी बांधलेलं नाही. दोन-तीन दिवस उन्हात तळलेलं आहे. म्हणजे बांधलं ते निघताना, रविवारी."

"बरं मग?" उत्कर्ष म्हणाला.

"मग असं, की मल्हार पहिल्या होलपासून निघाला असता, तर सहाव्या होलच्या चेकपोस्टवर हे लिंबू काढून घेतलं असतं. नवव्यापर्यंत ते पोचलंच नसतं."

"त्यांना दिसलं नसेल."

"अख्खी गाडी उघडून बघणाऱ्यांना, पुढच्या बंपरवरचं?"

"सीमा ओलांडल्यावर घेतलं असेल."

"आणि एका दिवसात सुकवलं? उत्कर्ष, लिंबू टिकलं ते एकाच कारणाने. त्याला ती सीमा अजून लागलीच नव्हती." अपूर्वाने वेळापत्रकावर खालून वर बोट फिरवलं. "तो पश्चिमेच्या टोकाकडून निघाला. अठरा, सतरा, सोळा असा उलटा खेळत. रोज तीन होल्स धरली, तर मंगळवारी दहा झालं, बुधवारी सकाळी नऊ. आणि 'अर्धं झालं' तर दोन्हीकडून खरंच! अख्ख्या रस्त्यावर हीच एक जागा अशी आहे, जिथे सुलट आणि उलट सारखंच दिसतं. नेमका तिथेच तो हरवला."

उत्कर्षने ओळी पुन्हा एकदा उलट्या मोजल्या. मग ईप्सिता म्हणाली, "म्हणजे विमान..."

"त्याच्या पाठीमागे शोधतंय. तो जिथून आला तिथे." अपूर्वाने उत्कर्षकडे पाहिलं. "आणि एक सांगते. ज्याला घरी परत यायचं नसतं, तो गाडीला लिंबू-मिरची बांधत नाही."

फोनवर सार्जंटने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "मॅडम, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण एका सुकलेल्या लिंबावर मी एकुलतं एक विमान मागे वळवू शकत नाही. चूक निघाली, तर आजचा उजेड वाया जाईल. तो उलटा निघाला होता असं ठामपणे सांगणारं कोणी आहे का?"

नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

"लिंबू-मिरची त्याला बांधायला लावेल असं एकच माणूस आहे या घरात," अपूर्वा हळूच म्हणाली.

ईप्सिता स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. "नाही. जानेवारीत तीन स्टेंट घातलेत त्यांना. डॉक्टरांनी बजावलंय. मल्हार जाताना माझ्याशी एवढंच एक वाक्य धड बोलला, की बाबांना जप. त्यांना काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू?"

"आणि मल्हारला काही झालं तर?"

ईप्सिताने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिने अन्वीला अपूर्वाकडून आपल्या कडेवर घेतलं आणि दारातून बाजूला झाली.

४

मल्हारचे वडील पद्माकरकाका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. अंगात स्वेटर, पायांत मोजे, दाढी केलेली. मांडीवर पासपोर्ट आणि गोळ्यांचा डबा. उर्जा त्यांच्या पायाशी चित्र रंगवत होती. एखाद्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसावं तसे ते दिसत होते.

"ये, अपूर्वा बाळ," ते म्हणाले. "कोण आधी येतंय याचीच वाट बघत होतो."

अपूर्वा त्यांच्या समोर टेकली. "काका, तुम्हाला माहीत आहे?"

"बुधवारपासून सूनबाई फोन घेऊन बाल्कनीत जाते. नात विचारते, पापाला थंडी वाजत असेल का. पस्तीस वर्षं रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो मी. गाडी लेट आहे हे कळायला मला घोषणा लागत नाही."

"मग विचारलं का नाहीत?"

"तुम्ही ठरवलंत ना, म्हाताऱ्याला सांगायचं नाही. मी विचारलं असतं तर त्या पोरीला माझ्या तोंडावर खोटं बोलावं लागलं असतं. ती आधीच किती ओढतेय. म्हटलं, तिचं एवढं तरी ओझं वाढवू नये." त्यांनी गोळ्यांचा डबा घट्ट धरला. "सांग आता. जिवंत आहे?"

"माहीत नाही, काका. शोधतायत. नवव्या होलपासून पुढे..."

"पुढे म्हणजे? अप की डाऊन?"

"पश्चिमेला."

काका ताडकन उठले. पासपोर्ट खाली पडला. "पश्चिमेला कशाला? अगं, तो पूर्वेकडे येतोय!"

दारापाशी ईप्सिताच्या तोंडून आवाज फुटला.

"मीच सांगितलं होतं त्याला," काका तिच्याकडे न बघता भराभर बोलू लागले. "रविवारी पश्चिमेला दिशाशूळ असतो. आम्ही बदलीच्या गावी जातानासुद्धा पाळलं ते. फोनवर म्हटलं, मल्हार, रविवारी पश्चिमेला निघू नकोस रे. हसला. म्हणाला, बाबा, तुम्हाला त्याने झोप लागत असेल तर मी उलटा खेळतो. अठरापासून एकपर्यंत. चेंडूला काय, कुठूनही मारा. व्हॅन त्या टोकाला मागवून घेतली त्याने. लिंबू-मिरचीही मीच बांधायला लावली. फक्त म्हणाला, ईप्सिताला कळू देऊ नका, आधीच तापलीय." त्यांचा श्वास फुलला. "तुम्ही त्याला भलत्याच लाइनवर शोधताय हे मला माहीत असतं, तर बुधवारीच नसतो का बोललो? दोन दिवस! दोन दिवस मी इथे समजूतदारपणा करत बसलो!"

"बाबा, बसा. आधी बसा," ईप्सिता म्हणाली.

"फोन दे."

"बाबा, मी सांगते ना त्यांना."

"फोन दे, पोरी. ट्रेनचा रिपोर्ट कंट्रोलरने द्यायचा असतो."

त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि रेल्वेतल्या ठणठणीत इंग्रजीत सुरू झाले. "मॅडम, फादर स्पीकिंग. माय सन स्टार्टेड फ्रॉम वेस्ट एंड. संडे. ऑन माय इन्स्ट्रक्शन. ही इज कमिंग ईस्ट. आफ्टर नाईन, एट. यू आर सर्चिंग राँग साइड. आय ॲम हंड्रेड परसेंट."

पलीकडे काही क्षण नुसती खरखर. मग सार्जंटने कोणाला तरी ओरडून हाक मारली. कागदाचा आवाज आला. "नऊ आणि आठच्या मध्ये हायवेवरून दक्षिणेला, समुद्राकडे जाणारा एक जुना कच्चा रस्ता आहे," ती म्हणाली. "पर्यटक तिकडे वळतात आणि वाळूत रुततात, आणि तिथे फोनला रेंज नसते. विमान वळवते आहे. पण उजेड जेमतेम दीड तासाचा आहे, सर. मी खोटी आशा देत नाही."

फोन बंद झाला. दहाला दहा मिनिटं कमी होती.

५

वाट बघण्यासारखं अवघड काम नाही. उत्कर्षने न विचारता चहा टाकला आणि साखरेऐवजी मीठ घातलं. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही, सगळ्यांनी तसाच प्यायला. अपूर्वाने अन्वीला कोपऱ्यात पाजायला घेतलं. त्या इवल्या मुठीने तिचं बोट धरून ठेवलं होतं, आणि तिच्या मनात येत होतं, की हेही उद्या मोठं होऊन असंच कुठेतरी लांब जाणार. तेव्हा आपणही दिशा विचारत बसू. काही ना काही बांधायला सांगू.

सव्वादहा. साडेदहा.

"मीच पाठवला त्याला तिकडे," काका स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "त्याचा तो सरळ जात होता. जुनं खूळ माझं. तू म्हणायचीस ते बरोबर होतं, ईप्सिता."

बोलायची हीच वेळ होती. लग्नापासून सासऱ्यांच्या पंचांगावरून या घरात काय कमी खटके उडाले होते?

ईप्सिता खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली. "बाबा, तो तुमच्या झोपेसाठी उलटा गेला. मला सांगितलं असतं तर मी त्याला हसले असते, म्हणून बोलला नाही. नोकरी गेली तेही बोलला नाही. माझ्याशी काही बोलावं अशी जागाच मी ठेवली नव्हती. आता दोष वाटून घ्यायचाच असेल, तर अर्धा माझा. सगळा तुम्ही नाही घ्यायचा."

काकांनी मान वळवली. "नोकरी गेली?"

"हो. हेही तुमच्यापासून लपवणार होतो आम्ही. नाही लपवत."

काकांनी गोळ्यांचा डबा बाजूला ठेवला. मग एवढंच म्हणाले, "मिळेल दुसरी. माणूस मिळू दे आधी."

दहा पंचावन्नला फोन वाजला.

ईप्सिता सवयीने उठली, बाल्कनीच्या दारापर्यंत गेली, आणि थांबली. परत आली. फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. "उर्जा, तूही ये. बाबा, माझा हात धरा. काय असेल ते आपण सगळ्यांनी ऐकायचं." तिने बटण दाबलं.

विमानाच्या घरघरीसारखा आवाज. त्यातून सार्जंटचे तुटक शब्द. "व्हॅन दिसली. कच्च्या रस्त्यावर, अकरा किलोमीटर आत. चाकं वाळूत रुतलेली." मग खरखर. खरखर. "...व्हॅनखाली सावलीला आहे. हात हलवतोय. पुन्हा सांगते, हात हलवतोय. आमची जीप पोचतेच आहे."

उत्कर्ष भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काकांनी डोळे मिटले, पण सुनेचा हात सोडला नाही.

जीप पोचायला आणखी पंधरा मिनिटं लागली. घोटा मोडला होता. चाकाखालची वाळू उपसताना पाय मुरगळून पडला होता तो बुधवारी दुपारी. पाण्याची शेवटची बाटली अर्धी उरली होती. आणि मग त्या खरखरीतून एक घोगरा, सुकलेला आवाज आला, इतका बारीक की पुन्हा सगळ्यांना वाकावं लागलं.

"ईप्सी?"

ईप्सिताने फोन दोन्ही हातांनी जवळ ओढला.

"ईप्सी, आहेस ना? काहीतरी बोल ना. ओरड माझ्यावर. दोन दिवस कोणाचा आवाज ऐकला नाही मी."

ईप्सिताने डोळे पुसले, टेबलावर दोन्ही हात टेकले, छाती भरून श्वास घेतला, आणि कारफ्रायटागच्या त्या पवित्र शांततेत अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी ओरडायला लागली. तिकडे वाळवंटात, जीपच्या मागच्या सीटवर, मल्हार हुंदके देत हसत होता.